अंगावरचे दूध आणि पुढचा पाळणा

“अजून अंगावर पाजतेय, पाळीपण आली नाही. मग दिवस कसे राहतील?” बाळंतिणीच्या घरी चौकशीला गेलो की हे वाक्य हमखास कानावर पडते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत पडते, तसेच निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांवरही. सासू सांगते, आई सांगते, शेजारची मावशी सांगते. त्यावर भरवसा ठेवलेली एखादी भगिनी बाळ आठ महिन्यांचे झाले की पोट जड लागते म्हणून दवाखान्यात येते आणि तपासणीत चौथा महिना निघतो. बाळंतपणापासून तिला एकदाही पाळी आलेली नसते, त्यामुळे शंका येण्यासारखे काही घडलेलेच नसते.

आम्ही बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडे हा प्रसंग पाहिला आहे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर याच विषयाचा विचार करू.

ही समजूत सरसकट खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात तथ्य आहे आणि ते विज्ञानाने तपासून मान्य केले आहे. पण ते तथ्य तीन अटींवर उभे आहे. अटी वाटेत गळून पडल्या आणि वाक्य तेवढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. परंपरेने आले किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितले एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासा आणि हिताचे ठरले तरच स्वीकारा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. तीच कसोटी आपण इथे लावू.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अंगावरचे दूध हे पाळणा लांबवण्याचे साधन आहे, पण सहा महिने बाळाजवळ राहू शकणाऱ्या आईसाठी. आपल्या समाजातल्या असंख्य कष्टकरी बायांना ते सहा महिने मिळतच नाहीत. म्हणून बाळाला पाजण्याचा हक्क आणि गर्भनिरोधकाचा हक्क हे दोन्ही बरोबरीने मागितले पाहिजेत. एक मिळाला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

दुधामुळे पाळी का थांबते?

बाळ स्तन ओढते तेव्हा त्याची सूचना आईच्या मेंदूला पोहोचते. मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि दूध तयार होते. त्याच वेळी स्त्रीबीज पिकवण्यासाठी अंडाशयाला मिळणारे संदेश मंदावतात. बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी येत नाही आणि दिवसही राहत नाहीत. यात दूध किती येते याला फारसे महत्त्व नाही. बाळ किती वेळा ओढते, रात्री ओढते का, याला महत्त्व आहे. ओढण्यात मोठा खंड पडला की मेंदूचे संदेश पुन्हा सुरू होतात.

आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग समाजातल्या माता बाळाला दिवसभर अंगाशी घेऊन हिंडत आणि तासाला अनेकदा थोडेथोडे पाजत. कोणतेही साधन न वापरता त्यांच्या दोन मुलांत सुमारे चार वर्षांचे अंतर राहते, असे संशोधकांनी नोंदवले आहे. आपल्याकडची समजूतही अशाच अनुभवातून आली असणार. ज्या आईचे बाळ रात्रंदिवस कुशीत असे, तिच्यापुरती ती खरी होती.

१९८८ साली इटलीतील बेलाजिओ या गावी जगभरातील तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी या अनुभवाला नेमके रूप दिले. डॉक्टरी भाषेत या पद्धतीला ‘लॅम’ म्हणतात. तिच्या तीन अटी अशा आहेत:

१. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे.

२. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसावी. (पहिल्या दीड-दोन महिन्यांत अंगावरून जाते ती पाळी नव्हे.)

३. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असावे. मागेल तेव्हा पाजावे, रात्रीही पाजावे. दोन वेळा पाजण्यात दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नसावा.

तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील, तर ही पद्धत ९८ टक्के भरवशाची आहे. तीनपैकी एक जरी अट मोडली, तरी त्या दिवसापासून दुसरे साधन हवे. अडीच अटींना अडीच अटींचे संरक्षण असा हिशेब इथे नाही.

आता आपल्या घराघरांत काय होते ते पाहा. उन्हाळा आहे म्हणून बाळाला पाणी पाजले जाते. पोट दुखते म्हणून घुटी दिली जाते. दूध पुरत नाही अशी शंका आली की वरचे दूध सुरू होते. बाळाचे पोट अशा वस्तूंनी भरले की ते ओढते कमी, आणि तिसरी अट नकळत मोडते. खरे तर पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला काहीही लागत नाही. नाशिकच्या मे महिन्यातही पाण्याचा थेंब लागत नाही, कारण आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे अपवाद. डबाबंद दुधाची जाहिरात करायला तर १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा कोणी सहज म्हणून डबा हातात ठेवला, तर गरज काय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी मोठी गफलत पाळीबद्दलची. “पाळी आली की बघू,” असे अनेकजणी म्हणतात. पण बीज आधी बाहेर पडते आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्या पहिल्याच बीजापासून गर्भ राहिला, तर पाळी येणारच नाही. बाळ सहा महिन्यांचे होऊन वरचे अन्न सुरू झाले, की असे घडण्याचा संभव वाढत जातो. आणि जी आई अंगावर पाजतच नाही, तिला बाळंतपणानंतर चार-सहा आठवड्यांतही दिवस राहू शकतात.

कामावर जाणाऱ्या आईचे काय?

तीन अटी कागदावर सोप्या दिसतात. मळ्यात त्या अवघड होतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की विरळणी, डिपिंग आणि मग जानेवारी ते एप्रिल तोडणी, असा कामाचा हंगाम लागतो. टोळी ठेक्यावर काम घेते. एक बाई कमी झाली तर तिचा वाटा जातो. बागेत फवारणी चालते, म्हणून तान्हे बाळ बरोबर नेता येत नाही. दीड-दोन महिन्यांचे लेकरू आजीकडे किंवा शाळा सोडलेल्या मोठ्या बहिणीकडे ठेवून आई सकाळी पिकअपमध्ये बसते आणि संध्याकाळी परतते. कंपनीत कंत्राटी कामाला असलेली किंवा चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी याहून वेगळ्या स्थितीत नाही. दिवसाचे आठ-दहा तास बाळ ओढत नाही, म्हणजे दुसऱ्या महिन्यातच तिसरी अट मोडली. दूध मात्र येत असते, रात्री ती पाजतही असते, म्हणून तिला आपण सुरक्षित आहोत असेच वाटते.

अशा आईला ‘तू पाजत नाहीस’ म्हणून दोष देणे हा अन्याय आहे. हा प्रश्न तिच्या मायेचा नसून तिच्या मजुरीचा आहे.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. ‘लॅम’ची मुदतही सहा महिने आणि फक्त अंगावर पाजण्याची मुदतही सहा महिनेच. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजायला सवड आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर, हेही त्या कायद्यात आले. म्हणजे शरीराचे म्हणणे कायद्याला कळले आहे. पण या रजेचा लाभ मळ्यावरच्या, वीटभट्टीवरच्या आणि धुणीभांडीवालीच्या पदरात पडत नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आहेत. ते जरूर घ्यावेत, हक्काचे आहेत. पण त्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही.

हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. जवळपास शंभर वर्षांनंतरही शेतमजूर आईपर्यंत ती विश्रांती पोहोचलेली नाही.

अंतर कशासाठी?

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे दोन मुलांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर. आईच्या अंगातले रक्त, लोह आणि कॅल्शियम भरून यायला हा वेळ लागतो. अंतर फार कमी असेल तर पुढचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

मोठ्या बाळाचेही हाल होतात. पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये कुपोषणाच्या एका आजाराला ‘क्वाशिऑरकोर’ हे नाव वैद्यकशास्त्रात आणले. घानामधल्या गा भाषेतला हा शब्द आहे. नवे बाळ आले म्हणून आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. सुजलेले पाय, फिके केस आणि चिडचिडा चेहरा घेऊन बसलेले असे मूल आपल्याही अंगणवाडीसेविकांनी पाहिलेले असते.

इथे आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. पोटात दुसरे आहे कळले की दूध ‘विषारी’ झाले म्हणून पहिल्या बाळाचे पाजणे एका दिवसात तोडतात. दूध विषारी होत नाही. गरोदरपण सुरळीत असेल तर पाजणे चालू ठेवता येते. आईने मात्र नीट खावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाजत असताना काय चालते?

सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत मिळतात. प्रत्येकीने आपल्या प्रकृतीप्रमाणे, तपासणी करून निवड करावी.

तांबी (कॉपर टी): बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवता येते. प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. दुधावर काही परिणाम होत नाही.

छाया गोळी: हिच्यात हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही आपल्या देशातली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. पाजणाऱ्या आईला चालते.

अंतरा इंजेक्शन: दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करावे. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे आधीच माहीत असावे म्हणजे घाबरायला होत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

निरोध: कधीही चालतो आणि संसर्गापासूनही वाचवतो. मात्र दर वेळी वापरला तरच उपयोग.

माला-एन: ही गोळी पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नये. तिने दूध कमी होऊ शकते. शेजारणीने दिली म्हणून घेऊ नका.

नसबंदी: मूल नकोच असे पक्के ठरले असेल तरच. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. तिचा परिणाम पक्का व्हायला तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावे.

कामावर जाणाऱ्या आईने पाजणे सोडू नये. निघण्यापूर्वी पाजावे, आल्यावर पाजावे, रात्रभर जवळ घ्यावे. दूध हाताने काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवावे, घरच्यांनी ते चमच्याने पाजावे. बाळाला त्याचा पूर्ण फायदा मिळतो. पण हाताने दूध काढण्याचा परिणाम बाळाच्या ओढण्याइतका नसतो. म्हणून अशा आईने ‘लॅम’वर विसंबू नये.

आणि इतके करूनही दिवस राहिले, तर? साधन अयशस्वी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत कायदेशीरपणे काढता येतो. स्त्री सज्ञान असेल तर तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. काढ्याच्या आणि चोरट्या गोळ्यांच्या मागे लागून जीव धोक्यात घालू नका.

संमती आपली, निर्णय आपला

आपल्या समाजात कुटुंब नियोजनाबद्दल काहींच्या मनात संशय आहे. “आपलीच संख्या कमी करायला निघालेत,” असे बैठकीत कोणीतरी म्हणतेच. या संशयाला कारण नाही असे नाही. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचा मार गरिबांना जास्त बसला, हे देशाने पाहिले आहे. १९९६ मध्ये सरकारने वरून ठरवून दिलेली उद्दिष्टे काढून टाकली, तरी बाईला नीट न विचारता साधन माथी मारण्याची वृत्ती सगळीकडून गेलेली नाही. कळा देत असलेल्या बाईपुढे कागद धरून घेतलेली सही ही संमती नव्हे.

पण सक्तीला विरोध म्हणजे साधनांना विरोध नव्हे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ मध्ये खटला चालला तेव्हा बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलांना कोणी तयार झाला नसता, हा त्यातला मुद्दा आजही झोंबतो. ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी भगिनींना फार मुले होऊ देऊ नका असेच सांगितले. त्यांच्यापुढे लोकसंख्येचा आकडा एवढाच प्रश्न नव्हता, बाईचे शरीर आणि तिचे माणूसपण होते. रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. हे दुःख त्यांच्या घरातलेच होते.

त्यामुळे आम्हाला खरी टोचणी आहे ती पुरुषांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आहे. पाळणाही तिनेच हलवायचा, तो लांबवायचाही तिनेच आणि चुकला तर बोलही तिनेच खायचे. समतेची भाषा आपण चौकात बोलतो, ती घराच्या दाराशी येऊन थांबते. जयंतीच्या मंडळात तरुण पोरे पुढे असतात. त्याच पोरांनी निरोध आणि बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल न लाजता बोलायला काय हरकत आहे?

विहारातून सुरुवात करू

हे काम विहारात होऊ शकते. गरोदर भगिनीला सातवा लागला की आशाताईंच्या मदतीने तिच्याशी आणि तिच्या नवऱ्याशी बसून बोलावे. बाळंतपणानंतर किती दिवसांत कामावर जावे लागणार, घरी बाळाला कोण सांभाळणार, पुढचे मूल हवे का आणि केव्हा, हे शांतपणे विचारावे. साधनाची निवड कळा सुरू होण्याआधी व्हावी. ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही तिला असावा.

बाळंतपणानंतर महिला मंडळाने दर महिन्याला तीनच प्रश्न विचारावेत. पाळी आली का? पाण्यासह वरचे काही सुरू केले का? बाळ सहा महिन्यांचे झाले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जावे. कामामुळे ती दिवसा बाळापासून चार तासांहून जास्त दूर राहत असेल, तर वाट न पाहता आधीच जावे. वर्षावासात ग्रंथवाचनाला बायाबापडे जमतात. त्यातला एक दिवस या विषयाला दिला, तर धम्माचे काम कमी होणार नाही.

आणि मजुरीचा प्रश्न सोडू नका. हंगामापुरते का होईना, वस्तीत पाळणाघर मागा. विहाराची खोली त्यासाठी उघडा. शेतमजूर आणि घरकामगार बायांना सहा महिन्यांची भरपगारी विश्रांती मिळावी, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात पहिल्या पाचांत असली पाहिजे. ती मिळेपर्यंत नुसत्या दुधाच्या भरवशावर आपल्या लेकीसुनांना सोडून चालणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!